दसऱ्याला पूजा विंडोजची, रविवारी स्थापना लिनक्सची

२०२५ च्या जूनमध्ये एका सकाळी लॅपटॉप उघडला, तर पडदाभर एकच सूचना: विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेची अपडेट मिळणार नाहीत. खाली 'नंतर आठवण करा' असं बटण होतं. ते मी पुढचे दीड महिने गजराच्या घड्याळासारखं दाबत राहिले.

मी साताऱ्यात राहते. घरी बसून मुद्रितशोधन आणि थोडंफार भाषांतर करते. लॅपटॉप २०१७ सालचा, आत इंटेलचा सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर. कळफलकावरची काही अक्षरं पुसली गेलीत, एवढाच त्याचा दोष. पण विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. मायक्रोसॉफ्टचं तपासणीचं छोटं ॲप चालवलं, त्याने लाल फुली दाखवली. एका पिढीने हुकलं. एसटी समोरून निघून जावी तसं.

मग चौकशी सुरू केली. पोवई नाक्याच्या बाजूला जिथे नेहमी लॅपटॉप दाखवते तिथला मुलगा म्हणाला, "ताई, सातशे रुपये द्या, तपासणी चुकवून अकरा टाकून देतो, काही होत नाही." होत नसेलही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि माझं नेट बँकिंग त्याच मशीनवर चालतं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर अठ्ठेचाळीस हजारांच्या खाली मनासारखा मिळेना. मॅकबुक एअर लाखाला शंभर रुपये कमी. मुद्रितशोधनाचे पानामागे मिळणारे पैसे आणि हा आकडा यांचा हिशोब करायला मी कागदसुद्धा घेतला नाही.

एक वर्षाची मुदतवाढ मिळते हे मला फार उशिरा कळलं, म्हणून इथे आधीच सांगते. घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्याची सोय आहे. त्यासाठी तीस डॉलर भरा, किंवा मायक्रोसॉफ्टच्या रिवॉर्ड्स या बक्षीस योजनेतले हजार गुण द्या, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू करा. मी तिसरा मार्ग घेतला. त्याने घाई गेली. प्रश्न तिथेच राहिला.

लिनक्सचं नाव भाच्याने काढलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली; मिंट आणि उबुंटू हे तिचेच अवतार. तो पुण्यात नोकरी करतो, दिवसभर लिनक्सवरच. म्हणाला, "मावशी, तू मिंट टाक. तुला फरकसुद्धा कळणार नाही." हे वाक्य अर्धं खोटं निघालं, पण त्याच्यावर माझा राग नाही. लिनक्स मला अगदी अनोळखीही नव्हतं. उबुंटूवाले पूर्वी जगभर फुकट सीडी पोस्टाने पाठवायचे. २००६ च्या आसपास नवऱ्याने ती मागवली होती. सुंदर पाकिटातून आली, बसवली, आणि आमचा इंटरनेटचा मॉडेम तिने ओळखलाच नाही. इंटरनेट नाही म्हणून उपाय शोधता येईना, आणि उपाय सापडेना म्हणून इंटरनेट येईना. दोन दिवसांत विंडोज एक्सपी परत आलं. सीडी नंतर कित्येक वर्षं आंब्याच्या झाडाला पाखरांच्या भीतीसाठी टांगलेली होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेनड्राइव्हवर प्रयोग केला. ज्यांना भीती वाटते त्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण यात लॅपटॉपमधलं काहीही पुसलं जात नाही. मिंटच्या संकेतस्थळावरून तीन जीबीच्या आतबाहेरची फाइल उतरवायची, रुफस नावाच्या फुकट प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवायची (पेनड्राइव्हवरचं मात्र सगळं जातं), आणि लॅपटॉप चालू करताना बूटची, म्हणजे कुठून चालू व्हायचं ते विचारणारी, कळ दाबायची. माझ्याकडे ती एफ ९ आहे. बऱ्याच लॅपटॉपवर एफ १२ असते, काहींवर एस्केप. पेनड्राइव्ह निवडला की सगळी प्रणाली त्यावरूनच चालते. हळू चालते, पण चालते. उतरवलेली फाइल धड आहे का हे पडताळायला चौसष्ट अक्षरांची एक खूण दिलेली असते. पहिल्यांदा मी ती जुळवायचा कंटाळा केला. फाइल अर्धवट उतरली होती. संध्याकाळ गेली.

दुसऱ्यांदा हिरवट रंगाचा पडदा आला, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, घड्याळ उजवीकडे. आवाज येत होता, कॅमेरा चालत होता, टचपॅडवर दोन बोटांनी सरकवणं चालत होतं. वायफाय नव्हतं. उबुंटूच्या सीडीची आठवण होऊन पोटात गोळा आला. भाच्याला फोन केला तर तो हसला: "फोन केबलने जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर." केलं, आणि दहा सेकंदांत इंटरनेट सुरू. एकोणीस वर्षांपूर्वीचा अडलेला प्रश्न एका केबलने सुटला. वायफायची चिप कुठल्या कंपनीची आहे यावर नशीब अवलंबून असतं. काहींचे ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारे छोटे प्रोग्राम, आधीच आत असतात, काहींचे मागून घ्यावे लागतात. माझी दुसऱ्या जातीची निघाली.

मग माझी खरी परीक्षा. लेखनाची खिडकी उघडली, कळफलकाच्या सेटिंगमध्ये भारतीय कळफलकांच्या यादीतला मराठी इनस्क्रिप्ट जोडला आणि 'साताऱ्याला' असं टंकलं. आमच्या धंद्यात हा शब्द म्हणजे कसोटीचा दगड आहे. तो 'र' नीट डोळ्यांच्या पापणीसारखा वळला नाही आणि 'सातार्याला' असा डोक्यावर रफार होऊन बसला, तर पुढचं सगळं व्यर्थ. शिफ्ट आणि जे, मग डी, मग स्लॅश, मग ई. बोटांनी विचार न करता दाबलं, आणि पडद्यावर 'ऱ्या' आला. पुढे 'वाऱ्यावर', 'कऱ्हाड', 'तऱ्हा' सगळं टंकून पाहिलं. जिथे 'ळ' असायचा तिथेच होता, शिफ्ट-एनवर.

याचं कारण लिनक्सचं कौतुक नव्हे. इनस्क्रिप्ट हा भारत सरकारचा प्रमाण कळफलक आहे, त्यामुळे विंडोज, मॅक, लिनक्स, कुठेही गेलात तरी 'क' के वरच असतो. मी तो २००८ साली कुरकुर करत शिकले होते. माझी एक मैत्रीण रोमन अक्षरांतून मराठी टंकते. तिला हे मशीन दिलं तर ती वैतागली. लिनक्सवर आयबस या टंकनाच्या प्रोग्राममध्ये एम१७एन नावाची जोड बसवली की तशीही सोय होते, पण तिच्या हाताला बसलेली वळणं वेगळी होती आणि अर्ध्या तासात तिने "तुझं तुलाच लखलाभ" म्हणून चहा मागितला. तुम्ही रोमनमधून टंकत असाल, तर प्रणाली बदलण्याआधी महिनाभर इनस्क्रिप्टला हात बसवा. माझ्या मते या सगळ्या उद्योगातलं सगळ्यात मोठं काम तेच आहे, आणि त्याला लिनक्स लागतच नाही.

जुलै संपता संपता दिवाळी अंकांचं काम सुरू झालं. ऑगस्ट-सप्टेंबर हे आमचे सुगीचे दिवस. त्यात मशीनला हात लावणं म्हणजे पेरणीच्या दिवशी बैल विकणं. थांबले. पण त्या दोन महिन्यांत एक गोष्ट केली तिचा फार उपयोग झाला. दिवसभरात मी लॅपटॉपवर नक्की काय काय करते ते आठ दिवस वहीत लिहून ठेवलं. वाटलं होतं पंचवीस-तीस गोष्टी निघतील. निघाल्या अकरा, आणि त्यातल्या सात ब्राउझरमध्येच होत होत्या: मेल, बँक, वीजबिल, व्हॉट्सॲप, आयकराचं संकेतस्थळ, शब्दकोश, आणि क्रिकेटचा स्कोअर (हा नवऱ्याचा). या सातांना खाली कोणती प्रणाली आहे याच्याशी देणंघेणंच नाही. उरल्या चार: वर्डच्या फाइली, पीडीएफवर खुणा, प्रिंटर, आणि श्रीलिपी या जुन्या मराठी टंकन-प्रोग्राममधल्या फाइली. पुढच्या तीन महिन्यांचा सगळा त्रास या चारांतूनच आला.

१ ऑक्टोबरला शेवटच्या अंकाची शेवटची पानं पाठवली. दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे पाट मांडून त्यावर वह्या, पेन, शिवणयंत्राची कात्री आणि लॅपटॉप ठेवतात. झेंडूचं फूल वाहिलं तेव्हा वाटलं, हा पूजेला बसलाय तो विंडोजचा आणि रविवारी याचं काय होणार याला पत्ता नाही.

शुक्रवारी दुकानात गेले. लॅपटॉपमध्ये एमडॉटटू नावाची एक खाच रिकामी होती. तिथे ५०० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवायची आणि जुनी हार्ड डिस्क विंडोजसकट तशीच ठेवायची, असं भाच्याने सुचवलं होतं. (खाच साटा या जोडणीची आहे की एनव्हीएमई या, हे दुकानात आधी तपासून घ्या, दोन्ही दिसायला सारख्या.) एसएसडी २,९५० रुपये, चार जीबी रॅमला जोड म्हणून आठ जीबी १,६५० रुपये, मजुरी ३००. पेनड्राइव्ह जुलैत ३८० ला घेतला होता. एकूण ५,२८० रुपये. लिनक्सचे शून्य. दुकानातल्या मुलाला एकच विनंती केली, जुन्या हार्ड डिस्कची पट्टी आतून सोडवून ठेव, रविवारनंतर परत लावायला येते. त्याने "कशाला?" विचारलं. कारण असं की दोन डिस्क असताना लिनक्स बसवणारा प्रोग्राम सुरुवात करून देणारा भाग कधी कधी भलत्याच डिस्कवर नेऊन ठेवतो. आणि दुसरं कारण मी त्याला सांगितलं नाही: 'डिस्क पुसून बसवा' या बटणासमोर माझा हात थरथरणार हे मला माहीत होतं. पुसायला एकच डिस्क समोर असली की चूक करायला जागाच राहत नाही.

त्याआधी सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. अकरा वर्षांची पुस्तकं, अंक, आईचे फोटो. घेतल्यावर त्या दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्या. नुसत्या कॉपी झाल्या म्हणून विश्वास ठेवू नका.

रविवार, ५ ऑक्टोबर. सकाळी साडेदहाला बसले. मिंट २२.२, नाव 'झारा'. भाषा, कळफलक, टाइमझोन (नकाशात कोलकाता दिसतं, घाबरू नये), नाव, पासवर्ड. फाइल कॉपी होताना खाली जाहिरातीसारखी चित्रं सरकत होती. अकरा वाजायच्या आत काम संपलं. एवढी वर्षं घाबरत होतो त्या गोष्टीला वीस-पंचवीस मिनिटं लागली, आणि त्यातली निम्मी मी आमटी ढवळायला गेले होते.

भीती नंतर आली. वायफायसाठी ड्रायव्हर मॅनेजर उघडला, फोन केबलने जोडलेला होताच, त्याने कंपनीचा ड्रायव्हर सुचवला. 'बसवा' म्हटलं तर तो मलाच एक नवा पासवर्ड ठरवायला सांगू लागला. कसला, कशाचा, काही कळेना, एक ठरवला. मशीन पुन्हा चालू केलं तर गर्द निळा पडदा, वर 'मॉक मॅनेजमेंट' अशी काहीतरी अक्षरं. विंडोजवर निळा पडदा म्हणजे मशीन गेलं, हा तीस वर्षांचा संस्कार. मी कपाळाला हात लावून बसले, आणि तेवढ्यात दहा सेकंद उलटून तो पडदा आपोआप निघून गेला. वायफाय अर्थातच नाही.

हा पडदा म्हणजे परवानगीचा अर्ज असतो. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट नावाची चौकी असते. बाहेरचा ड्रायव्हर आत येताना मालक स्वतः मशीनसमोर बसून होकार देतोय ना, हे ती बघते. दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबायची, 'एनरोल मॉक' निवडायचं, पुढे जायचं, हो म्हणायचं आणि मगाशी ठरवलेला पासवर्ड द्यायचा. तो टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन तास आणि भाच्याची रविवारची झोप वाचली असती. दुपारी पावणेदोनला वायफायची पंख्यासारखी खूण दिसली. आमटी करपली होती.

पहिल्या आठवड्यात जाणवलेला फरक वेगाचा. चालू व्हायला आधी चार मिनिटं लागायची, आता वीस सेकंद. पण याचं श्रेय लिनक्सला देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी आली की विंडोजही असंच पळतं. रिकामं बसलेलं असताना माझ्या मशीनवर विंडोज तीन जीबीच्या आसपास रॅम खायचं, मिंट सव्वा जीबीत भागवतं, तेवढा फरक खरा. बॅटरीचं उलटं. विंडोजवर पावणेतीन तास जायची ती इथे सव्वादोन. टीएलपी नावाचा प्रोग्राम बसवल्यावर अडीचपर्यंत आली.

सोमवारी काम आलं. २१२ पानांची कादंबरी, वर्डची फाइल, ट्रॅक चेंजेस लावून तपासायची. मिंटबरोबर येणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे इथल्या वर्डमध्ये, उघडली तर २१९ पानं. फाइल मंगल फाँटमध्ये होती, तो मायक्रोसॉफ्टचा. इथे नसल्यामुळे दुसरा फाँट त्या जागी आला आणि ओळी सैल झाल्या. मी सगळा मजकूर निवडला, फाँट बदलला, काही झालं नाही. आकार बदलला, काही झालं नाही. इंग्रजी शब्द तेवढे मोठे झाले, मराठी जागचं हलेना! शेवटी उलगडलं की लिब्रेऑफिस देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या वेगळ्या खात्यात टाकतं. त्याचा फाँट, आकार, भाषा सगळं वेगळं ठेवतं. पर्यायांत जाऊन भाषांच्या पानावर ते खातं चालू करायचं आणि तिथे मराठी निवडायची, मग सगळं वळणावर येतं. मराठीत लिहिणाऱ्याने बसवल्याबसवल्या पहिलं काम हे करावं, वॉलपेपर नंतर बदलावा.

दुरुस्त्यांच्या खुणा आणि शेरे मात्र दोन्हीकडे नीट ये-जा करतात. प्रकाशकाला मी आधी सांगितलंच नव्हतं की मी वर्ड सोडलंय, आणि कादंबरी परत गेल्यावरही त्यांना कळलं नाही. पानांची संख्या मात्र त्यांच्याच मशीनवर मोजायची, असं मी आता ठरवून टाकलंय.

फाँटांचा विषय निघालाय तर एक सांगते. बहुतेक तयार फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. शासनाच्या २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' सांगितलाय. काही फाँटांत मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की ही वळणं आपोआप बदलतात. 'हिंदी' राहिली तर नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा फाँट मोफत आहे, मी तोच वापरते. उतरवायचा, दोनदा टिचकी मारायची, 'बसवा' म्हणायचं. विंडोजपेक्षा इथे वेगळं काहीच नाही.

पीडीएफचं प्रकरण जास्त चिघळलं. ॲडोबीचा रीडर लिनक्ससाठी कित्येक वर्षांपूर्वीच बंद झाला. मिंटबरोबर आलेला वाचक पानं दाखवतो, पण माझ्यासारख्या पानापानाला पंधरा खुणा करणाऱ्याला पुरत नाही. एका प्रोग्राममध्ये मी पानावर थेट मराठीत टिपा लिहिल्या. माझ्याकडे छान दिसत होत्या, प्रकाशकाच्या ऑपरेटरकडे नुसते चौकोन पोचले. चाळीस पानांचे चौकोन. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "मॅडम, ही कुठली लिपी?" ऑक्युलर नावाचा पीडीएफ वाचक बसवला, टिपा पानावर न लिहिता पिवळ्या चिठ्ठीसारख्या पॉपअपमध्ये लिहायला लागले, तेव्हा मिटलं. नवीन साधन घेतलं की आधी एका पानावर खुणा करून समोरच्याला पाठवून बघावं, ही अक्कल चाळीस पानांच्या बदल्यात मिळाली.

जुनी हार्ड डिस्क परत लावून घेतली होती. चालू करताना एफ ९ दाबलं की विचारतं, कुठे जायचं. १२ ऑक्टोबरच्या रविवारी सकाळी अकराला विंडोजमध्ये गेले, तर घड्याळात साडेपाच. म्हटलं मदरबोर्डवरचा सेल गेला. लिनक्समध्ये परत आले, तर वेळ बरोबर. पुन्हा विंडोज, पुन्हा साडेपाच तास मागे. साडेपाच हा आकडा ओळखीचा वाटला तेव्हा ट्यूब पेटली. मशीनच्या आतल्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि पडद्यावर दाखवताना त्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोज त्याच घड्याळाला आपली स्थानिक वेळ समजतं. दोन भाडेकरू, एकच भिंतीवरचं घड्याळ, आणि दोघांचा हिशोब वेगळा. लिनक्सला 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने लोकल आरटीसी, म्हणजे आतल्या घड्याळात स्थानिक वेळ, वापरायला सांगितलं की भांडण मिटतं. टर्मिनल नावाची काळी खिडकी मला उघडावी लागली ती या एका ओळीसाठी. लोक तिचा बाऊ करतात, मी ओळ चिकटवली आणि एंटर दाबलं.

प्रिंटर अजून सुटलेला नाही. हल्लीचे वायफायवाले प्रिंटर लिनक्सला ड्रायव्हरशिवाय कळतात. बहिणीकडचा एका मिनिटात लागला. माझा मात्र जुना यूएसबीवाला लेझर. दोन रविवार घालवले, ड्रायव्हर बसला, एक पान सुंदर छापून आलं, दुसरं आलं नाही. आता पीडीएफ करते आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवते, पानाला दोन रुपये. फारच अडलं तर एफ ९ आणि विंडोज.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. त्या दिवशी काही म्हणजे काही झालं नाही. मी सकाळी मुद्दाम विंडोज उघडून बघितलं, काय निरोप देतंय ते. मुदतवाढ घेतलेली असल्यामुळे ते नेहमीसारखंच होतं.

भाऊबीजेला बहीण आली, बरोबर भाचा आणि त्याची बायको, जिच्याकडे ॲपलच्या एम१ चिपचं मॅकबुक एअर. जेवणं झाल्यावर तिन्ही प्रणाली डायनिंग टेबलवर शेजारी शेजारी आल्या, हा योग पुन्हा यायचा नाही म्हणून मी प्रत्येकीवर तासभर खरं काम करून पाहिलं. मॅकचा पडदा आणि बॅटरी यांच्यापुढे बोलायची सोय नाही. ती चार्जर आणायलाच विसरली होती आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. अक्षरं कागदावर छापल्यासारखी दिसतात. इनस्क्रिप्ट तिथेही जसाच्या तसा. पण कंट्रोलच्या जागी कमांड दाबायची माझ्या करंगळीची तयारी होईना, आणि तिच्या आठ जीबी रॅममध्ये कधीच भर घालता येणार नाही हे ऐकून पोवई नाक्यावरच्या मुलाची आठवण आली. शिवाय मुदत तिथेही संपतेच. २०२५ च्या सप्टेंबरात आलेली टाहो ही मॅकच्या प्रणालीची इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे, असं ॲपलनेच जाहीर केलंय. माझ्या लॅपटॉपच्या वयाच्या २०१७ च्या मॅकबुक एअरला तर मॉन्टेरे या जुन्या आवृत्तीच्या पुढचं काही मिळालंच नाही. मिंट २२ ची मुदत एप्रिल २०२९ पर्यंत. त्या वेळी पुढची आवृत्ती याच मशीनवर चढेल अशी आशा आहे, हमी नाही.

मला रोज जाणवणारा फरक अपडेटचा आहे. मिंटमध्ये कोपऱ्यात ढालीसारखी खूण असते, अपडेट आलं की तिच्यावर ठिपका येतो. मी सांगेपर्यंत ते थांबतं. दुपारी पानं तपासताना मध्येच मशीन बंद करा असं कुणी म्हणत नाही. आणि टाइमशिफ्ट नावाचा प्रोग्राम प्रणालीची कालची प्रत ठेवतो. नोव्हेंबरात एकदा प्रिंटरच्या नादात मी काहीतरी बिघडवलं, तेव्हा काल संध्याकाळवर परत जाता आलं. मात्र हे पहिल्याच दिवशी चालू करावं लागतं, आपण होऊन ते होत नाही. फाइलींचा बॅकअप वेगळाच घ्यायचा.

शेजारच्या सीए वहिनींनी माझं बघून विचारलं, मी पण टाकू का? मी नको म्हटलं. त्यांचं सगळं टॅलीवर, आणि टॅली विंडोजचं. पानं लावणाऱ्या आमच्या ऑपरेटरलाही नको म्हणेन, इनडिझाइन लिनक्सवर नाही. युक्त्या असतात, पण रोजची भाकरी युक्तीवर भाजू नये. वडिलांच्या जुन्या डेस्कटॉपवर मात्र मी डिसेंबरात स्वतःच मिंट बसवलं. त्यांना ई-पेपर, यूट्यूब आणि पत्ते एवढंच लागतं. अप्पांनी आठ दिवसांनी विचारलं, "ते तू काहीतरी बदलणार होतीस ना, कधी येतेस?"

परवा एका प्रकाशकाचा फोन आला. २००४ च्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचीय, मजकूर श्रीलिपीत आहे, युनिकोड करून तपासून द्याल का? म्हणजे फाइल उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसणार, आणि त्याचा मूळ फाँट व परिवर्तक दोन्ही माझ्या जुन्या डिस्कवर. दोन महिन्यांनी एफ ९ दाबलं. विंडोज उठलं, डिस्क घरघरली, आणि साठलेली अपडेट मोजायला लागलं. मी चहा ठेवला. घड्याळ मात्र बरोबर होतं.